मानेखालच्या मॅडम

पहिल्या भेटीत मॅडमनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघितलं. मी आईच्या मागे दारात उभा होतो, चपला काढून, आणि मॅडम खुर्चीतून उठून सरळ माझ्या पायांपाशी उकिडव्या बसल्या.

"नखं कधी कापली होतीस?"

आईच म्हणाली, "मॅडम, त्याला आवाज ऐकू येतात हो. दोन वर्षं झाली. चाकणला कंपनीत क्वालिटीला होता, सगळं चांगलं चाललेलं, आणि मग एकदम..."

"ते डॉक्टर बघतायत ना?" मॅडम खालूनच म्हणाल्या. "मानेच्या वरचं त्यांच्याकडे. मानेच्या खालचं माझ्याकडे. काय रे, पोट साफ होतं का?"

त्या दोन वर्षांत मला जो भेटेल तो एकच विचारायचा. आवाज येतात का, कुणाचे येतात, काय म्हणतात. माझ्या आत्यानं तर आमच्या गावाकडच्या जमिनीच्या वाटणीबद्दल ते आवाज काही बोलतात का, हेही हळूच विचारून घेतलं होतं. पोटाची चौकशी कुणी केली नव्हती.

"नाही होत," मी म्हणालो.

आईनं पदर डोळ्यांना लावला. कितीतरी दिवसांनी मी परक्या माणसाला उत्तर दिलं होतं. मॅडमना मात्र त्या उत्तरात पोटापलीकडे काही दिसलं नाही. "पाणी पीत नसशील," असं म्हणून त्यांनी मला एक तांब्या भरून दिला आणि तो संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या. माझ्या उपचाराची सुरुवात अशी झाली.

थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं केंद्र होतं. मानसिक आजारातून उठू पाहणारी माणसं सकाळी यायची, दिवसभर काहीतरी काम करायची आणि संध्याकाळी घरी जायची. मॅडम तिथल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हा शब्द आमच्यात कुणालाच धड म्हणता यायचा नाही. खालचे हार्डवेअरवाले शेठ त्यांना अॅक्युप्रेशरवाल्या बाई म्हणायचे आणि अधूनमधून स्वतःचा अंगठा दाबून घ्यायला वर यायचे. मॅडम दाबूनही द्यायच्या. आपण नक्की काय करतो, हे त्यांनी एकदा आईला सांगितलं होतं. "आजारपणात माणसाच्या हातून रोजची कामं सुटतात. अंघोळ, दात, केस, बाजारहाट. ती एकेक करून परत त्याच्या हातात द्यायची. बाकी काही नाही." पण आम्हा सगळ्यांमध्ये त्यांचं नाव एकच होतं, मानेखालच्या मॅडम. त्यांना ते माहीत होतं. आवडतही असावं.

मूळच्या साताऱ्याच्या. पन्नाशी उलटलेली, बुटकी मूर्ती. सुती साडी वर खोचलेली आणि खाली मुलग्यांचे पांढरे स्पोर्ट शूज. एका दोरीला शिट्टी, आणि डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तशी यांच्या गळ्यात शिंप्याची टेप. आमच्या गोळ्यांनी वजन वाढतं, भूक तर अशी लागते की जेवून उठताना पुढच्या जेवणाची आठवण यावी. मॅडम दर सोमवारी सगळ्यांची कंबर मोजायच्या. ती टेप त्यांच्या गळ्यातून कधी उतरायची नाही, त्यामुळे बाजारातून जाताना बायका त्यांना थांबवून ब्लाउजची शिलाई विचारायच्या. मॅडम म्हणायच्या, "ब्लाउज नाही शिवत, पण कंबर मोजून देते." काही बायका मोजूनही घ्यायच्या आणि मग दिवसभर घुश्शात असायच्या.

पोट साफ होतं का, हा त्यांचा नमस्कार होता. फोन उचलला की हॅलोच्या जागी तेच. एकदा एका मोठ्या कंपनीचे साहेब आम्हाला देणगी द्यायला आले. सूटबूट, मागे फोटो काढणारा, हार घालायला आमच्यातल्या दोन बायका तयार. मॅडमनी हार बाजूला सारला, साहेबांकडे वरून खाली बघितलं आणि विचारलं, "पोट साफ होतं का?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. साहेब थोडा वेळ टायशी चाळा करत राहिले आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाही हो मॅडम. मीटिंगा असतात."

पुढचा बराच वेळ ते दोघं कोपऱ्यात बसून बोलत होते. फोटो राहिलाच. साहेबांनी नंतर खूश होऊन एक ट्रेडमिल पाठवून दिली. मॅडमनी ती गच्चीत नेऊन ठेवली आणि तिच्या पट्ट्यावर मिरच्या वाळत घातल्या. "चालायला रस्ता आहे की. रस्ता संपला का थेरगावातला?" त्या म्हणाल्या. उन्हाची दिशा बदलली की आमच्यातलं कुणीतरी जाऊन बटण दाबायचं, मिरच्या थोड्या पुढे सरकायच्या, आणि बटण बंद करायचं.

दात हा त्यांचा दुसरा ध्यास. आजारी माणूस पहिल्यांदा दात घासायचं सोडतो, असं त्यांचं म्हणणं, आणि माझ्याबाबतीत ते खरंच होतं. सकाळी आल्याबरोबर सगळ्यांनी गच्चीच्या कठड्याशी रांगेत उभं राहून ब्रश करायचा, मॅडम शिट्टी वाजवून डावी बाजू, उजवी बाजू सांगणार. एके दिवशी मागच्या बाजूला पाण्याची टाकी भरत होती म्हणून आम्ही पुढच्या कठड्याशी उभे राहिलो. शेठ खाली एका गिऱ्हाइकाला स्टीलचे नळ दाखवत होते. शिट्टी वाजली, आम्ही सगळे एकदम थुंकलो. शेठ वर आले तेव्हा त्यांच्या टकलावर फेस होता आणि ते बोलूही शकत नव्हते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, डोकं पुसून दिलं आणि फेसाचा वास घेऊन म्हणाल्या, "ही लवंगेची पेस्ट आहे. म्हणजे ह्याचीच." आणि माझ्याकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी शेठनी दुकानापुढे पत्रा ठोकून घेतला. स्वतःच्याच दुकानातला पत्रा, पण त्याचा राग वर्षभर पुरला.

काम आमच्याकडे तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यातून यायचं. गाड्यांचे रबरी पार्ट साच्यातून निघतात तेव्हा त्यांच्या कडेला जास्तीचं रबर राहतं, ते कात्रीनं कापायचं. मी क्वालिटीचा माणूस. पहिले काही दिवस मी दुसऱ्यांनी कापलेले पार्ट उचलून नापास करत बसायचो. मॅडमनी माझ्या हातात कात्री दिली. "तपासणारे खूप झाले रे बाबा. तू काप." माझे हात गोळ्यांनी थरथरायचे. पहिल्या दिवशी मी कापलेले सगळे पार्ट मीच नापास केले असते. मॅडमनी एक उचलला, उजेडात धरला आणि म्हणाल्या, "छान. कोथिंबीर निवडल्यासारखा झालाय. उद्या जरा नख कापल्यासारखा कर." माझ्या नखांचा विषय त्या असा कुठूनही काढायच्या.

आता चालण्याचं सांगतो.

भूक आवरत नाही म्हणून आमच्या घरचे आमच्यापासून फरसाण लपवायचे, साखरेचा डबा माळ्यावर ठेवायचे. मॅडमना हे पटायचं नाही. "खा की," त्या म्हणायच्या. "वडापाव खा. पण जवळच्या गाड्यावर नाही. तिथला तेल बरोबर वापरत नाही." मग आम्ही पुढच्या चौकातल्या गाड्यावर चालत जायचो. तिथं काही दिवस गेले की मॅडमना तिथल्या चटणीत खोट दिसायची आणि आम्ही आणखी पुढच्या गाड्यावर. असं करत करत आम्ही चिंचवडपर्यंत पोहोचलो. तोवर आमच्या लक्षात आलं होतं की खोट तेलात नाही आणि चटणीतही नाही. पण तोपर्यंत पायांना सवय लागली होती, आणि चिंचवडचा वडा खरंच चांगला होता.

गोळ्यांनी अंग आखडतं, खांदे वर होत नाहीत. म्हणून चालता चालता मॅडम शिट्टी वाजवायच्या आणि आम्ही मुठी आवळून हात वर करायचे. दम लागू नये म्हणून श्वासाचं आलं. त्या पुढून ओरडायच्या, "श्वास!" आम्ही म्हणायचं, "घ्या!" त्या पुन्हा, "श्वास!" आम्ही, "सोडा!"

उन्हाळ्यातली गोष्ट. एका गल्लीत नळाला दोन दिवस पाणी नव्हतं आणि बायका हंडे घेऊन चिडून उभ्या होत्या. आम्ही समोरून आलो, मुठी वर, घोषणा चालू. बायकांनी शब्द काही नीट ऐकले नाहीत. त्यातली एक म्हणाली, "चला गं, मोर्चा आलाय," आणि त्या मागे लागल्या. पुढे दोन रिक्षावाले आले. मग एक तरुण कार्यकर्ता कुठूनसा धावत येऊन सगळ्यात पुढे चालायला लागला आणि फोनवर कुणाला तरी सांगू लागला, "दादा, मी पुढेच आहे." वॉर्ड ऑफिसपाशी पोहोचेपर्यंत आमचा ओढा चांगलाच फुगला होता. वॉचमननं धावत येऊन गेट लावून घेतलं.

आम्हाला ते ऑफिस ओलांडून वड्याच्या गाड्यावर जायचं होतं. पण आता मागून रेटा होता, आम्ही गेटाशी अडकलो. आतून एक अधिकारी घाम पुसत आले.

"शांततेत घ्या. कोण बोलणार आहे? काय मागणी आहे तुमची?"

कार्यकर्त्यानं मॅडमकडे बघितलं. बायकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी क्षणभर विचार केला. कुणी आपणहून मागणी विचारतंय तर ती वाया घालवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

"बाक हवाय," त्या म्हणाल्या. "इथं या रस्त्याला. माणसं चालून दमतात, बसायला जागा नाही."

"पाणी!" मागून बायका ओरडल्या.

"बाक आणि पाणी," मॅडम म्हणाल्या. "आणि साहेब, तुमच्या पायांना सूज दिसते. बीपी बघितलंय का एवढ्यात?"

अधिकाऱ्यांनी वाकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. पाणी दुसऱ्या दिवशी आलं. बाकही काही महिन्यांनी आला, फक्त भिंतीकडे तोंड करून बसवला. आम्ही तिथं ओळीनं भिंतीकडे बघत बसायचो आणि जाणारे-येणारे आमच्याकडे संशयानं बघायचे.

या सगळ्या गमतीजमतीत मॅडमचं डोकं एका ठिकाणी पक्कं होतं, ते मला घोलपकाकांच्या वेळी कळलं.

घोलपकाका दिघीचे. जुने गावकरी, उमेदीत भोसरीला लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम केलेलं. आजार जुना. त्यांच्या पोटात एक लेथ चालू आहे, असं ते सांगायचे. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. "आज फर्स्ट शिफ्टला जरा स्लो हाय," असं जेवताना सांगायचे, आणि आपणही "बरं" म्हणायचं. गोळ्यांनी त्यांचं बाकीचं सगळं ताळ्यावर आलं होतं. लेथ तेवढी राहिली होती.

एका सकाळी काका आले ते वाकूनच. कामाला बसले नाहीत. भिंतीला टेकून म्हणाले, "मॅडम, लेथ जाम झाली. चक फिरत न्हाई."

आमच्यातला एक जण हसला. खरं तर मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काकांच्या कपाळाला हात लावला. "ताप आहे. उलटी झाली?"

"व्हय. सकाळधरनं."

"कुठं दुखतं? हात ठेवून दाखवा."

काकांनी उजव्या बरगडीच्या खाली हात ठेवला आणि तिथंच कळवळले. मॅडमनी टेप गळ्यातून काढून पर्समध्ये टाकली. ते बघून आम्ही घाबरलो, कारण टेप काढलेल्या मॅडम आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या. आम्हाला मागे एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून रिक्षा करून आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर एका मोठ्या दवाखान्यात पोहोचलो.

इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले, बहुतेक आदल्या दिवसापासून घरी गेलेला नव्हता. त्यानं विचारलं, "काय होतंय बाबा?"

"लेथ जाम झाली," काका म्हणाले.

"काय?"

"पोटातली. चकात काय तरी अडाकलंय."

डॉक्टरनं मॅडमकडे बघितलं. "यांना गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मॅडमनी सांगितल्या. डॉक्टरच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखा भाव आला. "अच्छा. मग यांच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा. मी अॅसिडिटीचं लिहून देतो, शांत झोपू द्या."

"हात लावा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, हे त्यांच्या आजारामुळे..."

"लेथ आजारामुळे आहे. ती वीस वर्षं आहे आणि कधी दुखली नाही. आज दुखतंय. मानेखाली हात लावा डॉक्टर, पोट त्यांचं खरं आहे."

"मागे लाइन बघताय ना? प्लीज बाहेर बसा."

मॅडम बाहेर गेल्या नाहीत. काकांच्या खाटेच्या पायथ्याशी बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, भांडल्या नाहीत. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही सगळे घाबरलाय. उभे राहा ओळीत. आपला व्यायाम करू. श्वास!"

आम्ही तरी काय करणार. "घ्या!" म्हणालो.

"श्वास!"

"सोडा!"

इमर्जन्सी हादरली. एक नर्स धावत आली. पलीकडे हात मोडलेला एक माणूस होता, त्याची बायको आधीच रडून दमलेली, तिनं एक मोठा श्वास घेतला, सोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही पण घ्या की." तिसऱ्या वेळेला निम्मा वॉर्ड "सोडा" म्हणत होता. सिक्युरिटीवाला आम्हाला बाहेर काढायला आला आणि दारातच थबकला, कारण कुणी भांडतच नव्हतं, सगळे फक्त श्वास घेत होते.

"बास! बास!" डॉक्टर ओरडला. "लावतो हात. लावतो. मग जाल ना?"

त्यानं काकांचा शर्ट वर केला आणि उजव्या बरगडीखाली बोटं दाबली. नेमक्या त्याच वेळेला मॅडम सवयीनं म्हणाल्या, "श्वास!" आणि काकांनी, शिस्तीचा माणूस, मोठा श्वास घेतला.

तो अर्ध्यावरच अडकला. काका जोरात ओरडले.

डॉक्टरचा हात तिथंच राहिला. त्याचा चेहराच बदलला. त्यानं पुन्हा दाबलं, हलकेच, आणि या वेळी तो स्वतःच म्हणाला, "बाबा, जरा श्वास घ्या." पुन्हा तेच. "सोनोग्राफी," तो नर्सला म्हणाला. "आत्ता लगेच. आणि सर्जनना फोन लावा." मग मॅडमना म्हणाला, "पित्ताशय असेल. खडे. सुजलंय बहुतेक."

ते पित्ताशयच होतं. सुजून पिकलं होतं. एखादा दिवस गेला असता तर आतल्या आत फुटलं असतं, असं सर्जन नंतर म्हणाले.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर जिन्यावर बसलो होतो. मॅडमनी बूट काढून शेजारी ठेवले होते. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "माझा भाऊ होता. तुझ्यासारखाच. त्याच्या डोक्याकडे बघायला सगळं घर लागलं होतं. डॉक्टर, मांत्रिक, बुवा, सगळे डोक्याला लागले होते. पायाला जखम झाली होती ती कुणाला दिसली नाही. त्याला शुगर आहे हेही कुणाला माहीत नव्हतं. तो सांगायचा, पायात मुंग्या शिरल्यात. आम्ही म्हणायचो, झालं याचं सुरू."

त्यांनी बूट परत पायात चढवले. थोड्या वेळानं माझ्याकडे वळल्या. "तुझी शुगर कधी केली होती?"

"मॅडम, मागच्याच महिन्यात."

"हां. परत करू."

दुसऱ्या दिवशी आम्हाला वॉर्डात सोडलं. काका उशीला टेकून बसले होते. सर्जननी त्यांना काढलेले खडे एका छोट्या बाटलीत घालून दिले होते. तपकिरी, गुळगुळीत, वाटाण्याएवढे. काकांनी बाटली उजेडाकडे धरली होती आणि त्यांचा चेहरा समाधानानं फुलला होता.

"ह्ये बघ," ते मला म्हणाले. "तू क्वालिटीचा ना? बघ. काय फिनिशिंग हाय! एवढी वर्षं सांगत हुतो, आत काम चाललंय. ह्यो माल."

मी बाटली हातात घेतली, फिरवून बघितली. "पास," मी म्हणालो. दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं.

तो तरुण डॉक्टर त्याच वेळी राउंडला आला. अंघोळ करून, दाढी करून आला होता, ओळखू येत नव्हता. तो खाटेच्या कडेवर बसला आणि काकांना म्हणाला, "आज काय म्हणते लेथ?"

"चालू हाय," काका म्हणाले. "पण आवाज कमी झाला. ऑइलिंग झालं न्हवं."

डॉक्टरनं मान डोलावली आणि त्यांचं पोट तपासलं, नीट, सगळीकडून. मॅडम दाराशी उभ्या राहून बघत होत्या. तो जायला निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. मला वाटलं, आता आभार मानतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवता का वेळेवर?"

काकांना घरी सोडायच्या दिवशी मोठा तमाशा झाला. काकांनी चालत जायचा हट्ट धरला. "मॅडमनीच शिकवलंय, रस्ता हाय की." मॅडम म्हणाल्या, टाके आहेत, रिक्षात बसायचं. काका ऐकेनात. वर्षभर आम्हाला पायी हाकणाऱ्या मॅडम आता हात जोडून "बसा हो काका" करत होत्या आणि आम्ही सगळे मजा बघत होतो. शेवटी त्या इतक्या जोरात ओरडल्या की काका मुकाट्यानं आत जाऊन बसले, मांडीवर खड्यांची बाटली. रिक्षावाल्यानं बटण दाबलं. रिक्षा चालू होईना. पुन्हा दाबलं. ढिम्म.

"धक्का मारावा लागंल," रिक्षावाला म्हणाला.

मग आम्ही सगळ्यांनी रिक्षा ढकलली. मॅडम मधोमध, पदर खोचून, स्पोर्ट शूज रस्त्यावर घासत. आतून काका सूचना देत होते, "डावीकडून जास्त लावा! एकसारखा फोर्स पायजे!" रिक्षा एकदम धडधडली आणि आमच्या हातून सुटून निघून गेली. रिक्षावाला काही थांबेना. थांबलं तर परत बंद पडेल, या भीतीनं तो पुढच्या चौकाला वळसा घालून आला आणि आमच्या समोरून गेला. काकांनी हात वर करून आम्हाला निरोप दिला.

"हळू! टाके आहेत!" मॅडम ओरडल्या.

रिक्षा पुन्हा वळसा घालून आली. काका पुन्हा हात वर करून गेले, आता जरा पुढाऱ्यासारखे. आम्ही मागे पळत होतो आणि हसून हसून आमच्या पोटात दुखायला लागलं होतं. तिसऱ्या वेळी रिक्षा आली तेव्हा काकांच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी. रिक्षावाल्यानं वाटेत नुसता वेग कमी करून एक सवारी घेतली होती. काका त्यांना बाटली दाखवून काहीतरी समजावत होते आणि त्या बाई चष्मा वर करून अगदी मन लावून बघत होत्या.

अखेर इंजिन तापलं आणि रिक्षा थांबली. त्या बाई उतरल्या ते सरळ मॅडमकडेच आल्या. "तुम्हीच का त्या मॅडम? आमच्या मिस्टरांना पण खडे आहेत, डॉक्टरांनी सांगितलंय. पण ऐकत नाहीत. रिटायर झालेत, दिवसभर नुसते बसून असतात."

"चालतात का?"

"कुठलं हो. गॅलरीपर्यंत पण नाही."

"सोमवारी घेऊन या," मॅडम म्हणाल्या.

बाई खरंच घेऊन आल्या. उंच, गंभीर गृहस्थ, आयुष्यभर एका कारखान्यात सुपरवायझर होते. ते आमच्याबरोबर चालायला लागले, मुठी वर करायला लागले, "सोडा" म्हणायला लागले. आम्ही कोण, कुठले, हे आम्ही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. काकांनी बाटली दाखवल्यामुळे त्यांचा समज झाला होता की हा सगळा पित्ताच्या खड्यांचा ग्रूप आहे. घरी जाऊन बायकोला ते सांगायचे, "चांगली माणसं आहेत. सगळ्यांची ऑपरेशनं झालीत वाटतं."

एके दिवशी चालताना ते माझ्या शेजारी आले. दोन चौक बरोबरीनं चालले. मग म्हणाले, "तुम्हाला एक विचारू का? मुलगी सासरी गेल्यापासून मला काहीच गोड लागत नाही. दुपारी बसल्या बसल्या रडू येतं. हिला नाही सांगितलं. हे... खड्यामुळेच होतं का?"

"मला पण व्हायचं," मी म्हणालो. "मला तर आवाज पण यायचे. खड्यामुळे नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मग पुढे चालणाऱ्या काकांकडे, बाकीच्यांकडे, एकेकाकडे बघितलं. मला वाटलं, आता हे थांबतील, काहीतरी काम आठवेल आणि परत फिरतील.

मॅडम सगळ्यात पुढे होत्या, पण त्यांचे कान नेहमीच मागे असायचे. त्या वळल्या आणि तशाच उलट्या पावलांनी चालत राहिल्या.

"उद्या आमचे डॉक्टर येतात. माझ्याबरोबर बसा, सगळं सांगा त्यांना," त्या म्हणाल्या. "आता हात वर करा. उजवा पण. उजवा अर्धाच जातोय तुमचा, मी कधीची बघतेय."

गृहस्थांनी उजवा हात वर केला. पूर्ण.